टिलरींचा खांदा

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात त्या शनिवारी सकाळपासून बर्फ पडत होतं. सुमित्रानं मसालेभाताचं पातेलं गाडीत ठेवलं आणि वृद्धाश्रमातून अमोस टिलरींना घेऊन ती मराठी मंडळाच्या हॉलवर पोचली. ती त्या वृद्धाश्रमातली फिजिओथेरपिस्ट. टिलरींचा आखडलेला उजवा खांदा चार वर्षं तिच्याच देखरेखीखाली होता. आज ते मंडळाचे पाहुणे होते.

एक्याण्णव वर्षांचे टिलरी बोलू लागले. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या बेसबॉल लीगमध्ये ते पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे. रविवारी दोन-दोन मॅच खेळायच्या, हॉटेलच्या मागच्या दारातून कागदात गुंडाळून दिलेलं खायचं, बसमध्येच झोपायचं. पुढे गोऱ्यांच्या टीम खुल्या झाल्या, तरी ह्यांना दर वर्षी एकच उत्तर मिळे, "थोडं थांबा." बोलावणं आलं तेव्हा खांदा कामातून गेला होता. पाच चेंडू टाकून घेतले आणि घरी पाठवलं.

सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. मंडळाच्या अध्यक्ष प्रतिमाकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "काय माणसं असतात गं! इतकी क्रूर?"

अकरा वर्षांपूर्वी ह्याच काकूंनी गोड गोड बोलून सुमित्राचं आडनाव, गाव, सगळं खोदून विचारलं होतं. ती दलित आहे हे कळल्यापासून प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकच्या यादीत तिच्या नावापुढे दर वेळी कागदी प्लेट्स, नाहीतर कोल्ड्रिंक. शिजवलेलं काही म्हणून नाही. "जाऊ दे ना यार, कशाला इश्यू करतेस?" नवरा यतीन म्हणायचा. यंदा तिनं कुणाला न विचारता भात केला होता.

जेवणाची रांग लागली. टेबलावर तिचं पातेलं नव्हतं. ते मागे किचनमध्ये होतं, झाकणसुद्धा न काढलेलं. सुमित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पातेलं उचलून आणलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"काकू, आधी तुम्ही घ्या."

"अगं, माझा शनिवार असतो ना." काकूंच्या प्लेटमध्ये पुरी-भाजी होती. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "सगळं बदलतं गं हळूहळू. जरा थांब."

"किती? ह्यांचा खांदा जाईपर्यंत थांबवलं, तेवढं?"

रांगेतला यतीन खाली बघत राहिला. टिलरींना मराठी कळत नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं प्लेट पुढे केली. सुमित्रानं भात वाढला. ते चवीनं जेवले.

सुमित्रा पातेल्यापाशी उभीच राहिली. आता ती कुणी सांगितलं म्हणून हटणार नव्हती. अर्धा तास झाला, भात निवला, दुसरं कुणी आलं नाही. वाचकहो, त्या रांगेत आपण असतो, तर पुढे झालो असतो? खरं सांगा.