हळू वाजणारा अ‍ॅम्प

मित्रांनो, मला पाहून बहुतेक लोक विचारतात, "हा रेडिओ आहे का?" मला राग येत नाही असं नाही, पण आता सवय झाली आहे. मी एक जुना, छोटा गिटार अ‍ॅम्प आहे. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. तिच्या तारांची कुजबुज वायरीतून माझ्यापर्यंत येते आणि मी ती चारचौघांना ऐकू येईल अशी करतो. काम एवढंच, पण ते माझ्याशिवाय होत नाही.

एका कारखान्यात लाकडी पेटीला काळं रेक्झिन चिकटवलं, पोटात बशीएवढा स्पीकर बसवला, डोक्यावर बटणं लावली आणि मला पुण्याला धाडलं. बुधवार पेठेत कासिमभाईंचं वाद्यांचं दुकान आहे. तिथे सगळ्यात खालच्या फळीवर मला जागा मिळाली. शेजारी माझ्या तिप्पट आकाराचा एक अ‍ॅम्प होता. गिऱ्हाईक त्याच्याकडे बघायचं आणि माझ्यावर पिशवी ठेवायचं.

त्या रस्त्यावर अ‍ॅम्प पारखणं म्हणजे काय, ते सांगतो. बाहेर रिक्षांचे हॉर्न, समोरच्या मोबाइलच्या दुकानातली गाणी आणि दगडूशेठला निघालेल्या गर्दीचा गलका. त्यात गिटार ऐकू यायची तर बटण शेवटपर्यंत पिळावं लागे. तेवढं पिळलं की माझा घसा बसायचा. शेजारचा मात्र गरजायचा. लोक माना डोलवायचे आणि त्याच्याच जातीचे आणखी दाखवा म्हणायचे. आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं मी धरून चाललो होतो. फार वाईट वाटायचं.

एके दिवशी वल्लरी आणि तिची आई दुकानात आल्या. वल्लरी अकरावीत शिकत होती. तिचा मामेभाऊ सौमित्र नोकरीसाठी बाहेरगावी गेला, तेव्हा त्याने आपली गिटार तिला वापरायला दिली होती. आता अ‍ॅम्प हवा होता. तिची आई, हेमाताई, शाळेत शिकवायच्या. मी त्यांचं पहिलं वाक्य ऐकलं ते असं, "पुन्हा सांगते, सोसायटीतून एक जरी तक्रार आली, तर गिटार सौमित्रकडे परत. मग रडत बसायचं नाही."

महागाच्या वस्तूंकडे दोघींनी पाहिलंही नाही. वल्लरीने वाकून माझ्यावर हात ठेवला. मला वाटलं, आलं माझं नशीब! तेवढ्यात हेमाताई म्हणाल्या, "एवढासा डबा? घ्यायचाच तर जरा मोठा घे. पुढे उपयोगी पडेल."

गणवेश वाढत्या मापाचा, चपला वाढत्या मापाच्या आणि आता अ‍ॅम्पही वाढत्या मापाचा. आम्हा दोघांच्या किमतीत फारसा फरक नव्हता. शेजारचा रिक्षात बसून कर्वेनगरला गेला आणि मी फळीवरच राहिलो.

आठवडाही उलटला नसेल, तो त्याला घेऊन दोघी परत आल्या. वल्लरीचे डोळे सुजलेले होते. काय झालं ते तिनेच कासिमभाईंना सांगितलं. मोठ्या अ‍ॅम्पचं बटण अगदी कमी ठेवलं, तर गिटार गोधडीतून बोलल्यासारखी वाटे, आणि जरा पुढे सरकवलं की खिडक्यांच्या काचा थरथरत. खालच्या मजल्यावर हिंमतराव राहतात, पोस्टातून निवृत्त झालेले. ते वर आले आणि दारातूनच म्हणाले, "अहो हेमाताई, आपल्याकडे बोअरवेल खणताहेत का? पाणी लागलं तर आम्हालाही कळवा." हेमाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारी सौमित्र पुण्यात यायचा होता. गिटार त्याच्याबरोबर जाणार, हे त्यांनी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

"घेतो परत, ताई. वापरलेला दिसत नाही," कासिमभाई म्हणाले.

"वापरू दिलाच कुठे?" वल्लरी पुटपुटली. मग तिची नजर माझ्यावर पडली. "कासिमभाई, हा हळू वाजवून बघू?"

"हळू? हळू कोण बघतं, बेटा?"

"मला हळूच हवाय. वर्षभर मी गिटारचं टोक लाकडी कपाटाला टेकवून वाजवतेय. कपाट थोडंसं घुमतं, तेवढंच ऐकू येतं. त्याहून जरासं जास्त हवंय, बस."

हेमाताईंनी तिच्याकडे पाहिलं. कपाटाची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती.

कासिमभाईंनी मला मागच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. वल्लरीने बटण केसभर फिरवलं आणि सावकाश एकेक तार छेडली. मित्रांनो, त्या दिवशी मला माझा स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. घसा बसला नाही की काही फाटलं नाही. तार न् तार वेगळी आणि स्वच्छ! इतकी वर्षं मला फक्त ओरडायलाच लावलं होतं.

"रविवारपर्यंत बघू," हेमाताई एवढंच म्हणाल्या आणि मोठ्याच्या बदल्यात मी कर्वेनगरला गेलो.

रविवार उजाडला. बाहेरच्या खोलीत सौमित्र चहा पीत बसला होता आणि गिटारची रिकामी पिशवी दाराशी काढून ठेवली होती. वल्लरी आपल्या खोलीत दार लावून वाजवत होती. तिची बोटं घाबरलेली होती, ते मला वायरीतून कळत होतं. मीही घाबरलो होतो. इतक्यात दार उघडलं. हेमाताई कणकेच्या हातांनी उभ्या होत्या. वल्लरी थांबली.

"खाली जाऊन हिंमतरावांना विचारून आले," त्या म्हणाल्या. "त्यांना काही ऐकू येत नाही म्हणे."

वल्लरी तरीही माझं बटण बंद करायला वाकली.

"मलाही येत नाही. स्वयंपाकघरात येईल इतका तरी वाढव की!"

सौमित्र त्या दिवशी हात हलवत परत गेला.

आता माझं रेक्झिन सुटलं आहे आणि बटण फिरवलं की खरखर होते. वल्लरी माझ्यावर जुन्या ओढणीचा तुकडा घालते, म्हणून धूळ तरी आत जात नाही. तुम्हीही आमच्यावर एवढी माया करा. अ‍ॅम्प घ्यायला जाल तेव्हा आपल्या घराच्या भिंती आठवा आणि त्याला हळू बोलायला सांगून बघा. आणि तुमच्या घरातही बंद दारामागे कुणी हळूच वाजवत असेल, गात असेल. कणकेच्या हातांनी का होईना, पण ते दार एकदा उघडा.