दार लोटून घ्यायचं

आईने टॉवेल टाकून रावसाहेबांना लेकीच्या पोटरीवरून सोडवलं, तेव्हा नखांबरोबर मोज्याचे धागेही निघून आले. लहानपणापासून लेकीच्या कुशीत झोपणारा हा बोका तिच्याच अंगावर धावून गेला होता. आईने चप्पल उगारली, घर डोक्यावर घेतलं. लेक मात्र नजर खाली घालून हळूच मागे सरकली.

असलं जनावर घरात नको, हे आईने जखम धुताधुताच ठरवलं. पण लेकीला इंजेक्शन देऊन आणल्यावर तिच्या हट्टाखातर दुसऱ्या दिवशी रावसाहेबांचीही वरात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाली.

बाईंनी त्याला चाचपून पाहिलं. दुखणं काही नव्हतं. हल्ली खिडकीबाहेर एक दांडगा बोका येऊन बसतो, असं लेकीने सांगताच त्यांच्या लक्षात आलं. त्या बोक्यापर्यंत पोचता येत नाही, मग जो हाताशी सापडेल त्याच्यावर राग निघतो. काचेला खालून कागद चिकटवा, म्हणाल्या, आणि चप्पल उगारू नका, तो जास्तच बिथरेल.

"आणि पुन्हा बिथरलाच तर..." बाई पुढे सांगू लागल्या.

"पळायचं नाही," लेक म्हणाली. "डोळ्यांत बघायचं नाही. हळूच दुसऱ्या खोलीत जायचं, दार लोटून घ्यायचं. राग उतरेपर्यंत समोर यायचं नाही."

बाईंना कौतुक वाटलं.

"कुठे वाचलंस गं हे?"

"वाचलं नाही. घरी असंच करते."

"अगं, तो तर काल पहिल्यांदा अंगावर धावला," आई हसत म्हणाली.

"रावसाहेबांशी नाही."

लेक टोपलीचं झाकण लावत होती. आवाजात तक्रार नव्हती. दिवसभर कॉल सेंटरमध्ये कानाला हेडफोन लावून आई परक्यांच्या शिव्या गोड आवाजात ऐकून घ्यायची. मागच्या आठवड्यात घरी येऊन तिने पाण्याचा ग्लास भिंतीवर फेकला होता, तेव्हा लेक वही काखेत मारून निमूट आत गेली होती. पोरगी निबर झाली, असं तिला वाटलं होतं. आता तिला स्वतःचीच भीती वाटली.

त्या संध्याकाळी खिडकीला कागद लागला.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने फोनवर आईच्या सात पिढ्यांची आठवण काढली. घरी येऊन तिने कुलपात किल्ली फिरवली, तशी आत खुर्ची सरकली, वही मिटली आणि खोलीचं दार हळूच लोटलं गेलं. तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

दार वाजवायला उचललेला हात तिने खाली घेतला. पर्स ठेवून ती दाराबाहेर जमिनीवर बसली. रावसाहेबांनी येऊन तिचे पाय हुंगले आणि जरा लांब जाऊन बसले. आई दाराकडे न बघता बसून राहिली.