राजनंदिनीचे सात दिवस

माझ्या जावेनं सात दिवस विकत घेतले आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. लपवून काय करायचं? तामलवाडीत आमची दोन घरं एकाच भिंतीला टेकून उभी आहेत. तिच्या फोडणीचा ठसका मला लागतो, माझ्या मिक्सरचा आवाज तिला जातो. तिचं सुख तेवढं मला दिसणार नाही, असं कसं होईल?

सात दिवस म्हणजे असं. एका कंपनीला रक्कम भरायची, मग पंचवीस वर्षं, दर वर्षी सात दिवस, थंड हवेच्या ठिकाणी कंपनीच्या हॉटेलातली खोली आपली. उरलेलं वर्ष ती दुसऱ्यांची. गावात हे कुणाच्या डोक्यात शिरेना. खोली विकत घेतली तर तिला कुलूप का लावता येत नाही, असं लोक विचारत. आम्हाला मात्र समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या घरात विहीर बारीनं आहे, आणि सासूबाईसुद्धा बारीनंच राहतात, एक महिना आमच्याकडं, एक महिना त्यांच्याकडं.

सासऱ्यांनी दोन्ही लेकांना जमीन वाटून दिली, पण विहीर वाटता येईना. म्हणून तीन दिवस पाणी थोरल्याचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, महारुद्रांचं. पुढचे तीन दिवस धाकट्याचं, रणधीरचं. मोटर एक आणि कॉक दोन. ज्याची बारी त्याचा कॉक उघडा, दुसऱ्याचा बंद. एप्रिलमध्ये द्राक्षाची छाटणी झाली की मे महिन्यात वेलींना पाण्याचा खाडा चालत नाही, आणि नेमकी तेव्हाच विहीर तळाला जाते. आपल्या बारीला गावाला गेलं तर आपलं पाणी गेलं, ते पुढं मागता येत नाही. या एका नियमापायी अठरा वर्षांत महारुद्र तीन दिवसांच्या वर घराबाहेर राहिले नाहीत. लग्न झाल्यावर आम्ही जोडीनं फिरायला गेलो ते तुळजापूरला, सासूबाई आणि नणंद यांना सोबत घेऊन. दर्शन झालं, भेळ खाल्ली आणि संध्याकाळी परत, कारण सकाळी बारी होती.

आणि ही राजनंदिनी, लग्नाला सात वर्षं झालेली, सात दिवस नवऱ्याला घेऊन महाबळेश्वरला निघाली. तेही मे महिन्यात. कंपनीच्या कॅलेंडरवर मे लाल रंगात असतो आणि लाल आठवडा सगळ्यात महाग. तिनं तोच घेतला. ते कॅलेंडर तिनं देवघराशेजारी लावलं होतं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी आधी देवाला हात जोडायचे आणि मग कॅलेंडर बघायचं.

जाण्याआधी रणधीर महारुद्रांना म्हणाला, दादा, मधले तीन दिवस माझी बारी आहे, तेवढा माझा कॉक फिरवशील का? हे हो म्हणाले. भावाला हे नाही म्हणत नाहीत. बायकोजवळ मात्र चहासुद्धा बसून पीत नाहीत, गोठ्याच्या दारात उभ्या उभ्या घशात ओततात आणि कप खिडकीत ठेवून जातात. अठरा वर्षं मी तो कप खिडकीतून उचलते आहे.

पहिले तीन दिवस तिचे फोटो बघून मी फक्त दात खाल्ले. चौथ्या दिवशी, म्हणजे रणधीरच्या बारीच्या पहिल्या दिवशी, एक फोटो आला. तळ्याचा काठ, राजनंदिनी पाण्यात पाय सोडून बसलेली, आणि मागं रणधीर तिच्या चपला हातात घेऊन उभा. बायकोच्या चपला! मी भाकरी थापत होते, ती तव्यावर करपली. दुपारी महारुद्र औषध आणायला सोलापूरला गेले. मी शेतात गेले, रणधीरचा कॉक बंद केला आणि आमचा उघडला. पाणी आमच्या जनावरांच्या घासाच्या पट्ट्यात सोडलं, जिथं त्या दिवशी त्याची काही गरज नव्हती. दीड तास मी बांधावर बसून ते पाणी बघत होते. मग सगळं होतं तसं करून घरी आले आणि पाय धुतले. कुणी बघितलं नाही, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माहेरी गेले, सास्तूरला, भाचीच्या लग्नासाठी. हळदीत बसले होते तेव्हा तिचा सहाव्या दिवसाचा फोटो आला. खोलीची गॅलरी, मागं दरी, आणि कठड्यावर चहाचे दोन कप. माणूस कुणीच नाही, नुसते दोन कप शेजारी शेजारी. तो फोटो मला सगळ्यात जास्त लागला. चपलांचाही एवढा लागला नव्हता. माझ्या वहिनीनं मान लांब करून बघितलं आणि म्हणाली, तुमची जाऊ नशीबवान हो. हळद माझ्या अंगाला नव्हती, पण मी पिवळी पडले असेन.

परत आल्यावर मी महारुद्रांना सांगून टाकलं, आपणही घ्यायचं. आणि एक आठवडा नाही, दोन. लाल. तिचे सात तर माझे चौदा. त्यांनी विचारलं, चौदा दिवस बारी कुणाच्या गळ्यात घालायची? मी म्हटलं, तुम्ही भावाची बारी सांभाळली, आता भाऊ तुमची सांभाळेल. त्यावर ते माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिले आणि गोठ्याकडं गेले. सासूबाईंचा तो आमच्याकडचा महिना होता. त्यांनी कोपऱ्यातून ऐकवलं, "आपलं ठेवायचं झाकून आन् दुसऱ्याचं बघायचं वाकून." मी भांडी जोरात आपटली.

पंधरा दिवस धरणं धरल्यावर महारुद्र तयार झाले. मुलगा लातूरला हॉस्टेलवर, घरात आम्ही दोघं, पैसा बागेनं बरा दिला होता, नाही म्हणायला त्यांच्याकडं बारीशिवाय कारण नव्हतं. कंपनीची माणसं सोलापूरच्या एका हॉटेलात जोडप्यांना जेवायला बोलावून सगळं समजावून सांगत. बायको पाहिजेच, एकटा नवरा चालत नाही. ही अट मला फार आवडली. पण जुन्या मेंबरनं नवं जोडपं आणलं तर मेंबरला तीन दिवस बक्षीस, हे कळलं तेव्हा मी हातातली भाकरी ताटात टाकली. म्हणजे मी विकत घ्यायचं आणि तिचे सातचे दहा व्हायचे. रणधीरच्याच गाडीतून आम्ही चौघं गेलो. ती पुढं बसली.

शिवपुत्र नावाचा एक तरुण आमच्या टेबलावर आला. गोड बोलणारा होता. त्यानं लाल, पांढरा, निळा असे रंग दाखवले. एक आठवडा घेतला तर इतके, दोन घेतले तर दुसऱ्याला सवलत. महारुद्र कागद वाचत राहिले. मी मनात हिशेब केव्हाच पुरा केला होता, चौदा दिवस, लाल. शिवपुत्रनं विचारलं, मॅडम, तुमचा विचार? मी म्हटलं, हात धुऊन येते, मग सही करू.

बेसिनपाशी राजनंदिनी माझ्या मागं आली. नळ चालू ठेवून हळूच म्हणाली, "आक्का, दोन आठवडे नका घेऊ. एकबी लई हुतो."

मला वाटलं, आलीच शेवटी जळजळ ओठावर. मी म्हटलं, "का? माझे चौदा झाले तर तुझे सात बारके दिसतील व्हय?"

ती रागावली नाही. आरशात बघत म्हणाली, "माझे सात कुठं झाले? चारच झाले. चवथ्या दिवशी बिरू मेंढक्याचा फोन आला ह्यान्ला. तो मेंढरं पाजायला घेऊन गेलता, तर आमच्या बारीचं पाणी तुमच्या घासात. हे तसेच गाडी घेऊन निघाले. तीन दिवस शेतातच ऱ्हायले. घरला आले न्हाईत. लोक हसतील म्हणून भावजींनाबी सांगितलं, कुणाला बोलू नका. म्या एकटी हुते तिथं. शेवटी येष्टीनं आले सोलापूरपतुर, आन् तिथनं जोडीनं घरी आलो."

मी विचारलं, "आन् ते दोन कप?"

"दोनी म्याच प्याले. एकच मागवला असता तर फोटोत एकटी दिसले असते की." मग नळ बंद करून म्हणाली, "थोरले भावजी म्हणले, कॉक फिरवायचा माझ्याकडनंच ऱ्हायला. त्यांची चूक न्हाय, माणूस इसरतो. पर ह्यांचा जीव काय तिथं लागला न्हाय."

खरं सांगते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. जिच्यावर मी महिनाभर जळत होते, ती त्या गॅलरीत एकटी बसून दोन कप चहा पीत होती, हे ऐकून घोटभर गार पाणी प्यायल्यासारखं झालं. तो घोट खाली उतरला आणि मग मला माझे चिखलाचे पाय आठवले. ज्या सुखाचा मी हेवा करत होते, ते मीच कधीचं मोडून ठेवलं होतं. आणि महारुद्र त्या दिवशी सोलापुरात होते. जाण्याआधी सकाळीच ते कॉक फिरवून गेले होते, मग राहिला कसा?

टेबलाशी येऊन मी हळू आवाजात विचारलं, "कॉक ऱ्हायला म्हणून तुम्ही सांगितलंत?"

त्यांनी कागदावरची नजर उचलली नाही. म्हणाले, "मग काय सांगू? घास तर आपलाच भिजला व्हता."

एवढंच. महिनाभर हा माणूस सगळं जाणून होता. लहान भावापुढं त्यांनी स्वतःचं नाव खराब करून घेतलं, आणि मी घरात चौदा दिवसांसाठी भांडी आपटत होते. मला तिथंच रडू आलं असतं, पण शिवपुत्र पेन पुढं करून उभा होता.

मी म्हटलं, "एकच. आन् पावसाळ्यातला."

त्याचं तोंड उतरलं. मॅडम, तो निळा आठवडा, सगळ्यात स्वस्त. दिवसभर पाऊस, दरी दिसत नाही, खोलीच्या बाहेर पडता येत नाही. मी म्हटलं, चालतंय. पावसाळ्यात आमच्या विहिरीची बारी कुणी मागत नाही. इतकी साधी गोष्ट आम्हा दोघी जावांच्या डोक्यात आली नव्हती. ज्या महिन्यात आपली विहीर आटते तोच महिना आम्ही लाल रंगासाठी विकत घ्यायला निघालो होतो. महारुद्रांनी सही केली. राजनंदिनीला तिचे तीन दिवस बक्षीस मिळाले. ते मला टोचलं, पण बोलायला तोंड नव्हतं.

परतीच्या वाटेवर गाडीत मला गप्प राहता आलं असतं. यांनी पांघरूण घातलंच होतं, ते अंगावर ओढून झोपायचं फक्त होतं. पण मी पुढच्या सीटच्या पाठीकडं बघून म्हटलं, "कॉक ह्यांनी न्हाय, म्या फिरवला. तळ्याचा फोटो बघून. तुझ्या चपला भावजींच्या हातात हुत्या म्हणून."

रणधीरनं गाडीचा वेग कमी केला, मग पुन्हा वाढवला. राजनंदिनी मागं वळली नाही. महारुद्र खिडकीबाहेर बघत म्हणाले, हात दाखवून अवलक्षण. पण त्यांचा हात सीटवर माझ्या हाताशेजारी होता आणि तो त्यांनी काढून घेतला नाही.

त्यानंतर अकरा महिने राजनंदिनी माझ्याशी बोलली नाही. भाजीची वाटी सासूबाईंच्या हातून यायची आणि तशीच परत जायची. निरोप भिंतीला सांगितल्यासारखे मोठ्यानं बोलले जायचे. मी तक्रार केली नाही. आमचा पहिला निळा आठवडा कंपनीच्या नियमानं वर्षभरानंतर, म्हणजे या ऑगस्टात आहे.

या मे महिन्यात, निघायच्या आदल्या दिवशी, ती माझ्या दारात आली. हातात कॉक फिरवायचा लोखंडी पाना होता. मला वाटलं, महारुद्रांना विचारेल. तिनं तो माझ्यापुढं धरला.

"आक्का, मधले तीन दिवस आमची बारी हाय. तुमीच बघा," ती म्हणाली आणि गेली.

तर मी बघते आहे. तिसरा दिवस आहे आज, त्यांच्या बारीचा शेवटचा. सकाळपासून विहिरीवर लिंबाखाली बसून आहे. बिरूची मेंढरं येऊन पाणी पिऊन गेली. तो माझ्याकडं आणि कॉककडं बघून हसला, मी त्याला हसू दिलं. महारुद्रांनी थर्मासमधून चहा आणला. माझ्याजवळ उभ्या उभ्या प्याले. ऑगस्टात बसवीन त्यांना, पाऊसच एवढा असेल की जातील कुठं?

आत्ता तिचा फोटो आला. तीच गॅलरी, मागं तीच दरी, कठड्यावर दोन कप. एका कपाच्या कानात रणधीरचं बोट अडकलेलं आहे, तांब्याच्या अंगठीचं. या खेपेला दोघं आहेत. सहावा दिवस आहे आणि दोघं आहेत.

माझा जळफळाट झाला. पहिल्यापेक्षा जास्तच, कारण या वेळी ते खरं होतं. मी कॉककडं बघितलं. तो हातभर अंतरावर होता. मग पाना अंगाखाली घेतला आणि त्याच्यावर बसले आहे, दिवस मावळेपर्यंत उठणार नाही.