मारुतीच्या भिंतीवरची पेटी

मी पेटी बोलतेय. खेळाच्या मैदानावरची, फुकट पॅडची. नाव ऐकून तोंड फिरवू नका. इथले लोक फिरवतात तेवढं मला पुरेसं आहे.

माझा जन्म परभणीत, बन्सीधरच्या पत्र्याच्या कारखान्यात झाला. बन्सीधर आयुष्यभर शेतातल्या मोटारींच्या स्टार्टरचे डबे करत आलेला. हाताला सवयच ती. मलाही खालून वायरींसाठी तीन भोकं पाडून मोकळा झाला. चूक लक्षात आल्यावर म्हणाला, "ऱ्हाऊ दे, तेवढीच हवा खेळंल." मग मला गुलाबी रंग दिला, समोर झाकण बसवलं. कुलूप मात्र लावलं नाही. ज्या संस्थेनं मला करून घेतलं तिची तशी अटच होती. मुलीनं यावं, झाकण उचलावं, लागेल ते घ्यावं आणि खेळायला जावं. कोणाला विचारायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. मला वाटलं, काय नशीब घेऊन आले मी!

सोनपेठच्या एसटीत सीटखाली बसून मी या गावात आले. मैदानाला तीन बाजूंनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि चौथ्या बाजूला मारुतीचं देऊळ. देवळापुढे उंच कट्टा, वर पत्र्याची सावली. मैदानावर खिळा ठोकण्यासारखी भिंत ती एकच. गावचे जुने सरपंच आबासाहेब म्हणाले, "भिंत पक्की हाय, पाऊस लागणार न्हाई. ठोका हितंच."

कट्ट्याच्या पायरीवर तेलरंगात लिहिलेलं होतं, 'पाळी असताना बायकांनी वर येऊ नये.' त्याच पायरीवर पाय देऊन त्यांनी मला वर नेलं. नारळ फोडला, माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला, फोटो काढले. मीही मूर्ख, फुगले.

बायकांच्या ध्यानात ते पहिल्याच दिवशी आलं. कट्टा झाडणारी म्हातारी नर्मदाबाई माझ्याकडे बघून पदरात हसली. आबासाहेबांना म्हणाली, "मालक, जिला हे लागतंय तिनं हितं यायचं न्हाई. अन् जे हितं बसतेत त्यांना लागत न्हाई. मग टांगलं कशापायी?"

आबासाहेब म्हणाले, "देवाच्या भिंतीला हाय म्हनून कोनी चोरीत तरी न्हाई."

खरं होतं ते. कोणी चोरलं नाही, कोणी घेतलंही नाही. कट्ट्यावर रोज पंधरा-वीस पुरुष बसत. त्यांना माझा फार उपयोग. कोणी माझ्यावर पत्ते ठेवी, कोणी काडीपेटी, कोणी माझ्या चकचकीत झाकणात बघून भांग पाडी. आत काय आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण तोंडानं नाव घ्यायची एकाचीही छाती नव्हती. इतके शूर लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

त्या मैदानावर दीपिका खो-खो खेळायची. धोंडीबा शेळीवाल्याची पोर. पाठलाग असा करायची की पुढची मुलगी खांबाला वळसा घालून सुटली म्हणेपर्यंत हिचा हात तिच्या पाठीवर. परभणीच्या क्रीडा वसतिगृहासाठी निवड करणारे दोन गुरुजी एका शनिवारी यायचे होते. निवड झाली तर राहणं, खाणं, शिकणं तिकडंच. वयाच्या अटीमुळे दीपिकाला ही एकच संधी होती. धोंडीबा शेळ्या बायकोवर सोपवून, धुतलेलं धोतर नेसून कट्ट्यावर येऊन बसला. बसला तो नेमका माझ्याशेजारी, कोपर माझ्यावर टेकवून.

पहिल्या डावात पोरीनं चौघी बाद केल्या. गुरुजींनी मान डोलावली. दुसरा डाव सुरू होण्याआधी ती एकाएकी थांबली, पोटाशी हात नेला आणि चालत पायरीपर्यंत आली. मला लगेच कळलं. दुसरं कळण्यासाठी माझा जन्मच नाही.

पायरीपासून मी चार पावलांवर. झाकणाला कुलूप नाही. पण तिनं पाय उचलला नाही. मागच्या साली घरच्या शेळ्या रोगानं मेल्या तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडेच बोट दाखवलं होतं, विटाळात देवापाशी गेली म्हणून. मैत्रिणीला वर पाठवावं, तर कट्ट्यावरचे सगळे डोळे त्या मैत्रिणीवर. बापाला सांगावं? तसलं बापाला सांगतात का कुठं! तेवढ्यात शिट्टी वाजली आणि ती परत फिरली.

ती आपल्या जागी उकिडवी बसली. अंगात शाळेनं दिलेली फिकट पिवळी हाफपँट. मागून मैत्रिणीनं पाठीवर थाप मारली, "खो!" दीपिका उठली नाही. पुन्हा "खो!" ती गुडघे आवळून तशीच बसून राहिली.

"ऊठ की गं!" माझ्याशेजारून धोंडीबा ओरडला. "काय दगूड होऊन बसलीस! ऊठ!" ओरडताना तो माझ्या झाकणावर मूठ आपटत होता. आतल्या घड्या थरथरत होत्या. अरे बाबा, तूच झाकण उचल ना, मी मनात ओरडले. पण पत्र्याचं कोण ऐकतो!

गुरुजींनी तिच्या नावावर काट मारली. दुसऱ्या मुलीला घेतलं.

सगळे गेले तरी दीपिका तिथंच बसून. धोंडीबा तणतणत खाली उतरला, दंडाला धरून तिला ओढली आणि मग खालची माती त्याला दिसली. त्यानं खांद्यावरचा टॉवेल तिच्या अंगावर टाकला आणि तोंड फिरवून विचारलं, "कट्ट्याला तर शिवली न्हाईस ना?"

"न्हाई, दादा."

"शानी हाय माझी पोर," तो म्हणाला.

त्या दिवशी बापाच्या तोंडून तिला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

आता माझा गुलाबी रंग उडालाय. बन्सीधरच्या भोकांतून मुंग्या आत शिरल्यात. दीपिका खेळत नाही. मैदानाच्या कडेनं शेळ्या चारते. ती दिसली की मी म्हणते, ये गं, कसल्याही दिवशी ये. मला शिव. काही व्हायचंच असेल तर आधी मला होऊ दे, मी पत्र्याची आहे.

ती येत नाही. परवा तिची एक नुकती व्यालेली शेळी, अजून अंगावरचं रक्त वाळलेलं नाही अशी, उडी मारून कट्ट्यावर चढली आणि माझ्याखाली सावलीत बसली. पुरुषांनी तिला हाकललं नाही. एकानं उलट पाला घातला.

दीपिका पायरीखाली उभी राहून तिला हाका मारत होती.