वरचं सोडा

माणसाची पारख करायला कॅप्टनला त्याचं शिक्षण, घर, गाडी यातलं काहीही लागत नसे. बिलाची बशी पुरे. कॅप्टन म्हणजे आगबोटीवरचा नव्हे. हॉटेलात वेटरांच्या वर आणि मॅनेजरच्या खाली जो लोंबकळत असतो, तो. गिऱ्हाईक उठून गेलं की बशीत काय उरलंय ते हा दुरूनच बघायचा आणि निकाल लावून टाकायचा: हा सज्जन, हा दाखवण्यापुरता उदार, हा बायकोला घाबरतो म्हणून ती पर्स उघडेपर्यंत थांबला. त्याच्या निकालावर अपील नव्हतं.

या दरबारात सगळ्यात बदनाम गिऱ्हाईक म्हणजे वरचंसोडा.

खरं नाव काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. खिडकीजवळचं टेबल, आधी सूप, मग मासा, शेवटी कॉफी. टिप ठेवायची नाही एवढंच असतं तर कुणी नावही ठेवलं नसतं. न ठेवणारे पुष्कळ असतात. पण हा गृहस्थ बिलाकडे बघायचा, पाकिटातून मोजून नोटा काढायचा, आणि मान वर न करता म्हणायचा, "वरचं सोडा." म्हणजे एक हजार अठ्ठेचाळीस झाले असतील तर एक हजार चाळीसच देणार. आता मालक काही वरचं सोडणाऱ्यांतला नव्हता. त्याला गल्ल्यात शेवटचं नाणं लागायचं. मग ते वरचे आठ रुपये वेटरांच्या टिपांच्या डब्यातून जायचे. थोडक्यात, इतकी वर्षं वेटर मंडळीच वरचंसोडाला टिप देत आली होती, आणि तीही न चुकता.

तर अशा माणसाला एका संध्याकाळी कॅप्टनने स्वतःच्या घरचं दार उघडलं.

मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं. मुलगा नळाच्या दुकानात वडिलांच्या हाताखाली काम करतो, तिला आवडतो, आणि आज तो आईवडिलांना घेऊन येणार आहे. कॅप्टनने नवा शर्ट घातला, दार उघडलं, आणि समोर वरचंसोडा. कॅप्टनचा हात सवयीने खुर्ची मागे ओढायला निघाला होता, तो त्याने खिशात कोंबला. आता हा ओळखणार, आणि सगळं मुसळ केरात! पण वरचंसोडाने त्याचा दुसरा हात चांगला हलवून हलवून दाबला, "भेटून आनंद झाला," म्हणाला आणि सोफ्यावर बसला. ओळख? छे! कॅप्टनच्या लक्षात आलं, की हा माणूस इतकी वर्षं आपल्याकडून सूप घेतोय, पण त्याने पाहिलाय तो फक्त आपला हात. मनगटाच्या वर त्याच्या लेखी आपण नाहीच.

"तुम्ही हॉटेल लाइनमध्ये असता म्हणे," वरचंसोडा म्हणाला.

"मॅनेजमेंटला असतात ते," कॅप्टनच्या बायकोने चहा पुढे करता करता ठोकून दिलं. कॅप्टनने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण ती साखर ढवळण्यात गर्क होती.

"बरं झालं. बरोबरीचं घर असलं की पुढे कटकट नसते," वरचंसोडा म्हणाला. त्याची बायको नुसती हसली. "आता असं करू. पुढच्या आठवड्यात आपण सगळे बाहेर जेवू. माझी एक ठरलेली जागा आहे. तिथे मला फार मानतात."

आणि त्याने कॅप्टनच्याच हॉटेलचं नाव घेतलं.

पाहुणे गेल्यावर घरात जुंपली. "मॅनेजमेंट? अगं, कुणाला मॅनेज करतो मी?" कॅप्टन ओरडला. बायको म्हणाली, "मग काय सांगायचं होतं? बरोबरीचं घर म्हणून खूश झाले ना ते?"

"तू असं काही ठोकून देशील हे मला काय माहीत? आणि तो माणूस कोण आहे ठाऊक आहे का तुम्हाला? वरचंसोडा!"

हे नाव घरात सगळ्यांना पाठ होतं. कित्येक जेवणं त्याच्या नावाने बोटं मोडत पार पडली होती. बायकोच्या हातातली कपबशी तशीच राहिली. मुलगी मात्र हळू म्हणाली, "बाबा, टिप त्याचे वडील देत नाहीत. तो देतो. मी पाहिलंय."

"किती देतो?"

"बाबा!"

"बरं, नाही विचारत. पण तू त्याला माझं काम सांगितलंयस?"

"त्याला सगळं माहीत आहे. त्याच्या बाबांना नाही. दुकान त्यांचं, घर त्यांचं. ते नाही म्हणाले तर आम्हाला दोघांना रस्त्यावरून सुरुवात करावी लागेल. आम्ही करूही. पण मला तसं नकोय हो, बाबा." आणि तिचे डोळे भरून आले. पोरीचे डोळे भरले की कॅप्टनचं सगळं तत्त्वज्ञान गळून पडायचं. तो तिथेच मऊ झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने लंबूला बाजूला घेतलं. लंबू हा त्याच्या हाताखालचा सगळ्यात जुना वेटर, सहा फूट उंच आणि पोटात काही न राहणारा. "माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मी इथे जेवायला येतोय. मला ओळखायचं नाही. कुणीही नाही. मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

"चिंताच सोडा, कॅप्टन. तुम्ही कोण, हेच आम्हाला ठाऊक नाही!" लंबू म्हणाला. कॅप्टनला चिंता वाटायला लागली ती त्याच क्षणी.

सुट्टीच्या दिवशी दुपारी सहाही जण खिडकीजवळच्या टेबलावर बसले. न ओळखण्याचं काम सगळ्यांनी इतकं मनावर घेतलं होतं, की कॅप्टनला कुणी पाणीसुद्धा विचारेना. बाकी पाच ग्लास भरले, त्याचा कोरडा. शेवटी मुलाच्या आईने, "अहो, यांनाही द्या ना जरा," म्हणून लंबूकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे खरंच, वर, त्याच्या तोंडाकडे. कॅप्टनने मनात तिच्या नावापुढे एक चांगली खूण केली.

पण गिऱ्हाईक होऊन बसणं हे किती अवघड काम आहे! सूपच्या वाट्या रिकाम्या झाल्या आणि कॅप्टनने बोलता बोलता त्या एकात एक रचून हातावर पेलल्या. बायकोने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला तेव्हा कुठे त्याने त्या खाली ठेवल्या.

माशाबरोबर वरचंसोडा खुलला. "मॅनेजमेंटवाले आहात, तुम्हाला म्हणून सांगतो. टिप ही लोकांनी लावलेली वाईट खोड आहे. पगार मालक देतो ना? मग मी कशाचे देऊ? ताट इथून तिथे आणल्याचे? माझ्या दुकानात मी नळ काढून दाखवतो, मला कुणी देतं का वरती? उलट वरचं सोडायचं असतं. दुकानदाराने गिऱ्हाइकाचा मान ठेवायचा असतो. ही माणसं बघा, इतक्या वर्षांत कधी हूं की चूं केलं नाही. मानतात मला."

लंबू त्याच्या मागेच उभा होता. त्याच्या हातातला चमचा वाकतोय की काय, असं कॅप्टनला वाटलं.

बिल आलं. रिवाजाप्रमाणे दोन्ही बाप बशीवर तुटून पडले. "छे छे, मी देणार!" "असं कसं, मुलीकडचा मान आमचा!" "मग मी उठूनच जातो!" वरचंसोडाचा आवाज मोठा होता, पण हात खिशापर्यंत पोचायला फार वेळ घेत होता. कॅप्टनने बशी ओढली. मनात त्याने कधीचं ठरवून ठेवलं होतं. एकदा, निदान एकदा, या माणसाच्या डोळ्यांसमोर टिप कशी ठेवतात ते दाखवायचं. बिलाच्या नोटा त्याने मोजून ठेवल्या आणि त्यांच्यावर एक मोठी, कोरी करकरीत नोट अशी ठेवली, की वरचंसोडाला दिसल्यावाचून राहू नये. महिन्याचा दूधवाला त्यात भागला असता.

लंबू बशी घेऊन गेला. आणि कॅप्टन एक गोष्ट साफ विसरला होता.

हॉटेलात एक कायदा होता, आणि तो खुद्द कॅप्टननेच केला होता. आपल्या माणसाकडून टिप घ्यायची नाही. कुणा वेटरची आई आली, भाऊ आला, जुना नोकर आला, तर त्याची टिप परत, आणि बिलातलं वरचंही डब्यातून भरायचं. घरच्या माणसाकडून सुट्टे घेणं बरं दिसत नाही, असं कॅप्टन नव्या पोरांना सांगत असे. लंबू इतर काहीही विसरेल, कॅप्टनचा शब्द नाही.

तो बशी घेऊन परत आला. बशीत ती कोरी करकरीत नोट होती आणि तिच्यावर काही नाणी. त्याने कमरेत वाकून, दबक्या पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तुमच्याकडून कसं घेणार, साहेब? आणि वरचं सोडलंय."

कॅप्टनच्या तोंडचं पाणी पळालं. मुलीने मान खाली घातली. आता वरचंसोडा विचारणार, की हा काय प्रकार आहे, आणि दोघांचं लग्न त्या बशीतच संपणार.

वरचंसोडाने बशीकडे पाहिलं, मग कॅप्टनकडे. त्याचे डोळे लकाकले. "न मागता?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मला इतकी वर्षं दर वेळी मागावं लागतं हो! आणि तुमचं... न मागता सोडलं? आणि टिप आपण होऊन परत? अशी दानत दाखवायची, की समोरच्यानेच लाजून परत करावं! वा! याला म्हणतात मॅनेजमेंट!" त्याने टेबलावरून वाकून कॅप्टनचे दोन्ही हात धरले. "व्याहीबुवा, ठरलं! अहो, असा माणूस मी आयुष्यभर शोधत होतो."

सगळे हसले, मुलगी तर रडत हसली. कॅप्टनही हसला. पण आतून त्याला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं. आयुष्यभर ज्याला नावं ठेवली, त्याने आपल्याला स्वतःहून सवाई चिक्कू म्हणून पसंत केलं होतं.

पुढच्याच आठवड्यात वरचंसोडा दोन व्यापाऱ्यांना घेऊन जेवायला आला. कॅप्टन काळं जाकीट, गळ्याला बो अशा थाटात दाराजवळ उभा होता. लंबूने त्याला ढकलतच स्वयंपाकघरात नेलं. "तुम्ही आतच थांबा. मी बघतो."

"आणि परवा? आणि लग्न झाल्यावर? व्याही आले की मी काय दर वेळी कोठीत लपू?" कॅप्टन म्हणाला. त्याला भीती वाटत होती. पण आपल्या कामाला आपणच तोंड लपवायचं, आणि तेही या माणसापासून, हे त्याला त्याहून सहन होत नव्हतं. त्याने ऑर्डरचं पॅड उचललं.

सूप दिलं. मासा दिला. कॉफी दिली. वरचंसोडाने एकदाही वर पाहिलं नाही. ओळखेल म्हणून जो जीव मुठीत धरून आला होता, तोच कॅप्टन कॉफीपर्यंत, हा ओळखत कसा नाही म्हणून संतापला होता.

बिल ठेवलं. वरचंसोडाने नोटा मोजल्या. "वरचं सोडा."

"सोडलं, व्याहीबुवा."

मान वर झाली. आधी जाकीट, मग बो, मग तोंड. वरचंसोडाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "तुम्ही? इथे?"

"इथेच. पहिल्यापासून."

"म्हणजे मला वाढायचे ते..."

"मीच. मॅनेजमेंट वगैरे आमच्या घरचं बोलणं. माझं काम हे."

दोन्ही व्यापारी आळीपाळीने दोघांकडे बघत होते. वरचंसोडाचा हात पाकिटात गेला. त्याने एक मोठी नोट काढली आणि बशीत ठेवली. स्वयंपाकघराच्या खिडकीत लंबूसकट सगळ्यांची डोकी गोळा झाली होती. वरचंसोडाची टिप! असा दिवस आपल्या हयातीत उगवेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

कॅप्टनने नोटेकडे पाहिलं. ती शरमेने ठेवली होती की हिशेब मिटवायला, ते त्याला कळेना. माणसांची पारख करण्यात हयात गेली, आणि आज बशी समोर असून काही वाचता येत नव्हतं. त्याने बशी वरचंसोडापुढे सरकवली.

"आमच्यात एक कायदा आहे. आपल्या माणसाकडून टिप घ्यायची नाही," तो म्हणाला. "तेव्हा तुम्हीच ठरवा. आपले असाल तर नोट उचला. नसाल तर राहू द्या, मी सलाम करून घेईन. घरी पोरीला काय सांगायचं, ते माझं मी बघतो."

वरचंसोडा नोटेकडे बघत राहिला. मग त्याने ती उचलली, नीट घडी केली आणि पाकिटात आत, अगदी आतल्या कप्प्यात ठेवली. व्यापाऱ्यांकडे वळून तो म्हणाला, "हे माझे व्याही."

त्या उचलण्यात नातं किती आणि सवय किती, हे कॅप्टनला शेवटपर्यंत कळलं नाही. तो कमरेत वाकला, बशी उचलली आणि गल्ल्याकडे गेला. लंबू टिपांचा डबा घेऊन तिथे उभाच होता.

"आता काय, जन्मभर आपणच भरायचं?" लंबूने विचारलं.

"आता कायद्याने भरायचं," कॅप्टन म्हणाला, आणि डब्यात हात घातला.