भातकुलीचे दोन चंद्र

श्रेयसला त्या उन्हाळ्यात एकच प्रश्न पडला होता, आणि तो इतका साधा होता की त्याचं उत्तर न सापडणं त्याला लाजिरवाणं वाटायचं. गेमिंगचा कॉम्प्युटर आत्ताच नवा करून घ्यायचा, की थांबायचं?

फिजिक्समध्ये बीएस्सी करून तो अमरावतीत बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घेत होता. त्यातून साठवलेले पैसे तयार होते. अडचण पैशांची नव्हती, दिशेची होती. रॅमचे भाव वर चालले होते, म्हणजे आत्ता घ्यावं. पण चढलेली वस्तू कधीतरी उतरते, म्हणजे थांबावं. ग्राफिक्स कार्डाची नवी पिढी येणार अशी कुजबुज होती, म्हणजे थांबावं. ती आली की जुनी बाजारातून नाहीशी होईल, म्हणजे आत्ता घ्यावं. त्याने भावांचा आलेख काढला. आलेखाच्या शेवटच्या बिंदूपाशी पेन टेकवून तो बराच वेळ बसला, पण पुढची रेघ कुठल्या बाजूला ओढायची ते काही कळेना.

राजकमल चौकाजवळ दुकान असलेला नितेश गेल्या आठवड्यात म्हणाला होता, "थांब ना भाऊ, कायची घाई आहे?" आणि या आठवड्यात म्हणाला, "घेऊन टाक बाप्पा! पुढच्या महिन्यात रॅम सोनाराकडं मिळीन."

"मागच्या वेळेस तूच थांब म्हणला होता ना?"

"मागच्या वेळेस मले तरी काय माहीत होतं?" नितेश हसत म्हणाला. "आताही कुठं माहीत आहे!"

घरी बाबांना विचारण्यात अर्थ नव्हता. रविकांत वकील होते आणि प्रश्न कुठलाही असो, दोन्ही बाजू इतक्या छान मांडायचे की ऐकणारा पहिल्यापेक्षा जास्त गोंधळायचा. आईने, म्हणजे कुंदाताईंनी, एका वाक्यात विषय संपवला होता, "चालून राहिला ना? मग काहून बदलतो?"

तो चालून राहिला होता, हे खरं. पण खरा प्रश्न आईला सांगण्यासारखा नव्हता. तो अबोलीताईचा होता.

ताई त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती अकोल्याला गेली आणि तिथल्या एका शाळेत गणित शिकवू लागली. फोनवर त्यांचं बोलणं कधी धड व्हायचंच नाही. "काय जेवलास?" "पोळी-भाजी." "आई कशी आहे?" "बरी आहे." संपलं. पण रोज संध्याकाळी दोघं कानाला हेडफोन लावून एका निर्जन ग्रहावर उतरायचे आणि तिथे वसाहत बांधायचे, तेव्हा मात्र ताई बोलायची. शाळेतल्या मुख्याध्यापकांची नक्कल करायची, सासूबाईंचं कौतुक आणि तक्रार एकाच श्वासात करायची, आणि कधी अचानक गप्प झाली, तर का गप्प झाली तेही सांगायची. पहिल्या वस्तीला त्यांनी अमरावतीशेजारच्या भातकुलीचं नाव दिलं होतं. काचेच्या घुमटाखाली झाडं लावली ती संत्र्यांच्या गावावरून वरूड. आणि जिथे नेहमी यंत्रं बिघडायची, त्या कोपऱ्याला आजोळच्या गावावरून हिवरखेड.

आता त्या गेमची नवी आवृत्ती जूनमध्ये येणार होती. वसाहत श्रेयसच्या कॉम्प्युटरवर साठवलेली होती. ती एकदा नव्या आवृत्तीत उघडली की जुन्यात परत येणार नव्हती. म्हणजे जायचं तर दोघांनी जायचं. चाचणीसाठी दिलेला भाग त्याच्या कॉम्प्युटरवर अडखळत चालला, बैलगाडी खड्ड्यातून जावी तसा. त्याने ताईला विचारलं, "तुझ्याकडे कसा चालून राहिला?"

"मस्त," ताई म्हणाली.

"मस्त? तुझा तर माझ्यापेक्षा जुना आहे."

"म्हटलं ना, मस्त."

"मग मी नवीन घेऊन टाकू?"

"तू थांब रे. एवढी काय घाई."

इथे श्रेयसचं गणित अडकलं. ताई म्हणजे थांबणारी बाई नव्हती. साडी पाहिली की घेणारी, गाडी सुटायला आली तरी धावत पकडणारी. तिच्याकडे नवी आवृत्ती मस्त चालत असेल, तर तिने त्याला घाई करायला हवी होती. ती थांब म्हणते, याचा अर्थ एकच निघत होता. तिला आता पुढे खेळायचंच नव्हतं, आणि ते तोंडावर सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं.

त्याने हा निष्कर्ष तपासून पाहायचा प्रयत्न केला. त्या संध्याकाळी भातकुलीच्या टेकडीवर दोघं उभे असताना तो म्हणाला, "ताई, पाह्य, आज दोन्ही चंद्र एका रेषेत आले."

"हो रे, मस्त," ती म्हणाली.

पुन्हा मस्त. पूर्वी ती यावर दहा वाक्यं बोलली असती. श्रेयसने हेडफोन काढून ठेवला. ती खेळणारच नसेल, तर कार्ड आत्ता घेतलं काय आणि दिवाळीला घेतलं काय, सगळं सारखंच होतं.

रविवारी आईने कुरड्यांचा मोठा डबा भरला आणि अकोल्याला कोण नेणार, असं सगळ्या घराकडे पाहून विचारलं. श्रेयस लगेच तयार झाला. आईला आश्चर्य वाटलं. एरवी मेच्या उन्हात तो गल्लीच्या टोकाला दह्यासाठी जायचा नाही.

बडनेऱ्याहून गाडीत बसला तेव्हा त्याने मनाशी एक वाक्य पाठ केलं होतं, "ताई, तुला खेळायचं नसेल तर सरळ सांग." मूर्तिजापूर येईपर्यंत ते वाक्य त्याला उद्धट वाटू लागलं. अकोला येईपर्यंत ते केविलवाणं वाटू लागलं. शेवटी डबा ताईच्या हातात देताना तो एवढंच म्हणाला, "ऊन काय आहे गं तुमच्याकडे!"

"तुमच्याकडे काय बर्फ पडून राहिला?" ताई म्हणाली. "हो आत. पाणी पी आधी."

दुपारी जेवणं झाल्यावर भाऊजी, म्हणजे योगेश, आतल्या खोलीत आडवे झाले. ताई स्वयंपाकघरात आवरत होती. श्रेयस बाहेरच्या खोलीत आला. कूलर जोरात चालू होता. आणि त्याच्या अगदी तोंडासमोर, झोतात, टेबलाखाली ताईच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उभं होतं. श्रेयसला पाहून बरं वाटलं. हे त्यानेच सांगितलं होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी अमरावतीत त्याने स्वतःचं कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवलं, आतलं तापमान मोजलं आणि ते कसं उतरलं याचा आलेख ताईला पाठवला होता. "हा प्रयोग आहे, ऐकीव गोष्ट नाही," असंही वर लिहिलं होतं.

अमरावतीचा कॉम्प्युटर तो चालूच ठेवून आला होता, म्हणून वसाहत इथूनही उघडणार होती. त्याने न विचारता ताईचा कॉम्प्युटर सुरू केला आणि गेम उघडला.

पडद्यावर भातकुली आली. निदान तिच्या जागी काहीतरी आलं. टेकडी म्हणजे एक तपकिरी उंचवटा होता. घुमटातली झाडं हिरव्या ठोकळ्यांसारखी. सावल्या नव्हत्या, धूळ नव्हती. आणि आकाश कोरी राखाडी भिंत असावी तसं. चंद्र एकही नव्हता. दोन पावलं चालेपर्यंत चित्र थबकलं, आणि मग पडदा काळा झाला.

"बंद पडला ना?" मागून ताईचा आवाज आला. ती दारात हात पुसत उभी होती. "तीन वेळा सुरू कर, मग टिकतो."

"ताई, तुला चंद्र दिसत नाहीत?"

"मागच्या दिवाळीपासून नाही दिसत. चित्र अगदी कमीवर ठेवलं, तरच चालतो."

"मग तू मस्त काहून म्हणतेस?"

"तू एवढा खुशीत सांगतोस!" ताई टेबलाला टेकली. "आणि खरं सांगितलं असतं तर तू स्वतःचं सोडून माझा दुरुस्त करायला पळाला असतास. मले माहीत नाही काय तू?"

"मग थांब काहून म्हणालीस?"

"अरे, तू नव्या आवृत्तीत गेलास की भातकुली घेऊन जाणार. मी इकडे राहिले असते ना." एवढं बोलून ती कूलरकडे पाहू लागली. "थोडे दिवस मिळाले तर पाहू, असं वाटलं."

श्रेयसने स्क्रू काढले आणि कॅबिनेटची बाजू उघडली. आतल्या धातूच्या पात्यांवर, पंख्यांवर, रॅमच्या खाचांभोवती पांढरी कडक साय धरली होती. त्याने बोट फिरवलं, ते पाहिलं आणि जिभेला लावलं.

"ईऽऽ!" ताई ओरडली. "वेडा झालास काय?"

"खारट आहे."

"खारटच राहीन. नळ रोज कुठं येतो? कूलरमधात बोअरचं पाणी टाकतो आमी. इकडचं पाणी तसंच आहे, साबणाला फेस येत नाही."

श्रेयस फरशीवर बसला. अमरावतीत कूलरमध्ये धरणाचं गोडं पाणी जायचं. इथे खारं. झोताबरोबर बारीक थेंब उडायचे, गरम पात्यांवर वाळायचे, आणि मीठ मागे राहायचं. त्याने हवा मोजली होती, तापमान मोजलं होतं. पाणी दोन्हीकडे सारखंच असेल, हे मात्र गृहीत धरलं होतं. अमरावतीहून अकोल्याला जाताना पाणी बदलतं, हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. आई इथे आली की पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायची. फक्त त्याच्या आलेखाला ते ठाऊक नव्हतं.

"ताई, हे माझ्यामुळे झालं."

"कूलर तुझा आहे का? बोअर तुझी आहे?" ताई म्हणाली. "उठ. फरशी गार लागून राहिली म्हणून बसलास ना?"

दोघांनी मिळून ते ब्रशने साफ केलं. रॅमची एक खाच गंजून गेली होती, कार्डाचा एक पंखा फिरेना. श्रेयस सगळं नीट पाहत होता आणि मनात एक नवंच गणित जुळत होतं.

"मी नवीन घेतलं, तर माझं जुनं मोकळं होतं. बोर्ड, रॅम, कार्ड, सगळं. ते तुझ्या या डब्यात बसेल. नवी आवृत्ती त्यावर अडखळते, पण चालते. चंद्र दिसतात."

ताईने कंबरेवर हात ठेवले. "म्हणजे नवं तुले आन् जुनं मले?"

श्रेयस गोंधळला. "तसं नाही... तुला हवं तर नवं तू घे, मी जुन्यावर..."

"अरे गंमत केली!" ती हसू लागली. "माझी सायकल तू चालवली, माझा कंपास तू वापरला, माझा स्वेटर तर कॉलेजपर्यंत घातला. आता तुझं जुनं माझ्याकडे येऊन राहिलं, तर येऊ दे ना. पण एक सांग, भाव उतरले तर? तू म्हणत होतास दिवाळीपर्यंत उतरतील म्हणून."

"उतरतीलही. मला माहीत नाही."

"मग?"

"खरंच माहीत नाही, ताई."

परतल्यावर तो नितेशच्या दुकानात गेला. भाव पुन्हा थोडा वर गेला होता. नितेशने त्याच्याकडे तिरकं पाहिलं. "आज काय पूर्वेकडं का पश्चिमेकडं?"

"घेतो."

"पक्कं?"

"पक्कं नाही," श्रेयस म्हणाला. "पण घेतो."

पुढच्या रविवारी जुने भाग फडक्यात गुंडाळून तो अकोल्याला गेला. जोडणी झाली, आणि कॅबिनेट कूलरपासून दूर, पलंगाच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेलं. तिथे उकडतं, अशी योगेशभाऊजींनी कॉम्प्युटरच्या वतीने तक्रार केली. श्रेयसने त्याच्यासाठी एक साधा टेबलफॅन लावून दिला.

जूनमध्ये नवी आवृत्ती आली. त्यानंतरही श्रेयस रोज भावांचं पान उघडून पाहायचा. एकदा तो भाव किंचित खाली आलेला दिसला आणि उगाच घाई केली असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो परत चढला, तरी बरं वाटेना. आत्ता घेतलं ते बरोबर झालं की चुकलं, हे आलेख अजूनही सांगत नव्हता.

एका संध्याकाळी दोघं नव्या आवृत्तीत पहिल्यांदाच भातकुलीच्या टेकडीवर चढले. श्रेयसच्या नव्या पडद्यावर घुमटाच्या काचा लखलखत होत्या. वरूडच्या झाडांची पानं हलत होती. तो बोलत सुटला होता, की हिवरखेडच्या कोपऱ्यात आता पाइपाचं जाळं टाकू, दुसरं यंत्र उत्तरेला हलवू. मग त्याच्या लक्षात आलं, की पलीकडून काहीच उत्तर येत नाही. पुन्हा बंद पडला की काय?

"ताई? ताई, आवाज येऊन राहिला का?"

"येऊन राहिला," ताई हळूच म्हणाली. "दुसरा चंद्र आता हिरवट झाला, हे तू सांगितलंच नव्हतं."

"अगं, मी तर रोज..."

"मधात बोलू नको," ती म्हणाली. "पाहू दे."