एकतीस राउटर आणि एक साखरपुडा

सुधीरला काम टाळायचा कंटाळा नव्हता. उलट ते टाळण्यासाठी तो वाटेल तेवढं काम करी. वाशीच्या ज्या कंटेनर कंपनीत तो नोकरीला होता, तिच्या एकतीस शाखा होत्या आणि प्रत्येक शाखेत एक राउटर, म्हणजे तिथले कॉम्प्युटर वाशीशी जोडणारी पेटी. १९९८च्या ऑडिटला सगळ्या पेट्यांची सेटिंग कागदावर हवी होती. पूर्वी यासाठी माणूस गावोगाव फिरायचा आणि दीड महिना जायचा. सुधीरने चार दिवस खपून एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. ती आपणहून एकेका राउटरमध्ये शिरणार, पासवर्ड देणार, सेटिंग मागून घेणार आणि फाइल करून पुढच्या शाखेकडे वळणार. अकरा मिनिटांत एकतीस फायली तयार झाल्या. स्वारी तेवढ्यात चहा पिऊन आली.

ऑफिसच्या प्रमुख मालतीबाईंनी गठ्ठा हातात तोलला. "छान. आता प्रत्येकावर 'खरी प्रत' म्हणून शाखाप्रमुखाचा सही-शिक्का आण. सोमवारी ऑडिट आहे. नाही आणलेस तर लग्नाची रजा विसर."

तो गुरुवार होता, आणि रविवारी सानपाड्याला सुधीरचा साखरपुडा. एका माणसाने तीन दिवसांत एकतीस शाखा फिरायच्या कशा? मग त्याने सरळ एकतीस शाखाप्रमुखांना फोन करून साखरपुड्याचं आमंत्रण दिलं. "येताना शिक्का मात्र आठवणीने आणा."

सगळे आले, मालतीबाईसुद्धा. भावी सासरे हौसेराव जावयाचा गोतावळा बघून आधी खूश झाले, मग पेढे मोजायला आत पळाले. जो तो शेवटचं पान उलटायचा, शिक्का हाणायचा आणि समोशांकडे वळायचा. मुहूर्ताला वीस मिनिटं उरली तेव्हा तीस शिक्के झाले होते. उरले उरणचे गोटीराम.

"वाचल्याबिगर सही नाय," ते म्हणाले. "माजे बापानं न वाचता अंगठा दिला नि जमीन गेली. आन मी चष्मा इसरलोय. वाचून दाखवा कोनीतरी."

सुधीर गयावया करू लागला. तेवढ्यात नवरीच, सुनीती, शालू सावरत येऊन बसली आणि मोठ्याने वाचू लागली. "उद्गारचिन्ह. व्हर्जन अकरा पॉइंट दोन. उद्गारचिन्ह." दर दोन ओळींनी उद्गारचिन्ह येत होतं. गुरुजींना तो ठेका आवडला, ते मान डोलवू लागले. "उद्गारचिन्ह. मशीनचं नाव, तळवली."

"तळवली?" गोटीराम ताठ झाले. "अगं बाय, मी उरनचा!"

 सुधीरने बाकीच्या फायलींची पहिली पानं भराभर बघितली. तळवली. तळवली. तळवली. चाचणीसाठी घातलेलं नाव काढायचं राहून गेलं होतं आणि स्क्रिप्टने एकट्या तळवली शाखेलाच एकतीस वेळा तोच प्रश्न विचारला होता. पनवेल, पेण, खोपोली, सगळ्यांनी तळवलीवर डोळे मिटून शिक्का मारला होता.

मालतीबाई समोसा खात म्हणाल्या, "तीस शिक्के आहेत ना? मग झालं. ऑडिटर शिक्केच मोजतात."

सुधीरला मोह झाला, खोटं कशाला बोला? पण गोटीराम त्याच्याकडे बघत होते, आणि सुनीतीही. त्याला भयंकर लाज वाटली. त्याने गठ्ठा उचलला आणि टराटरा फाडला. "चूक माझी आहे. स्क्रिप्ट उद्या सकाळी नीट करतो."

"मग ऑडिटरकडे मुदत मागते मी, आणि तू शिक्क्यांसाठी शाखा फीर एकतीस! दीड महिना!" मालतीबाई कडाडल्या. "आणि रजा रद्द!"

हौसेराव मटकन बसले. "अहो, लग्न पंधरा दिवसांवर आलंय!"

"पुढे ढकलू, बाबा," सुनीती शांतपणे म्हणाली. "कागद मोठ्याने वाचायला कोणीतरी लागणारच. यांच्याबरोबर मी जाते."

"लग्नाआधी? दीड महिना?"

"एकदा यांनी पोहे खाल्ले आणि मी हो म्हणून बसले. पुरतं बघितलं कुठे मी यांना?" तिने सुधीरसमोर बोट धरलं. "घाला अंगठी. लग्नाचं मी एकतिसाव्या शाखेनंतर सांगेन."

सुधीरने अंगठी घातली. गोटीरामांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.